जुन्या गाडीतला सिगरेटचा वास जाता जात नाही, काय करावं?

कोरडवाहू | १६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

डिसेंबरात पुण्याहून सेकंडहँड डिझायर आणली. २०१६ चं मॉडेल, डिझेल, एमएच १२ पासिंग. बघायला गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजलेले, कडाक्याची थंडी, चारही काचा खाली आणि आत परफ्यूमचा भपकारा. मालक मोठा गोडबोल्या. सोबत आलेल्या मेव्हण्यानं इंजिन ऐकलं, टायर बघितले, खाली वाकून चासी बघितली, ठोकलेली नाही म्हणाला. नाकाचं काम कुणीच केलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत अधूनमधून शंका यायची, पण चालून जायचं. मागच्या आठवड्यात गाडी अंबाजोगाईला दिवसभर उन्हात उभी होती. चार वाजता दार उघडलं आणि पत्त्याच्या क्लबाचं दार उघडल्यासारखं झालं. आईला दमा आहे. तिला दर महिन्याला लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी घेतली ती मुळात त्यासाठीच. परवा बर्दापूरही आलं नव्हतं, तर म्हणते, "बाबा, मला इथंच उतरव, मी एसटीनं जाते."

आतापर्यंत केलेले उद्योग: जेलवाली परफ्यूमची डबी, कापराच्या वड्या, कापलेला कांदा रात्रभर ठेवला, धुण्याच्या सेंटरवर आतून व्हॅक्यूम मारून घेतला. आता गाडीत सिगरेट, कापूर, कांदा आणि लव्हेंडर असा चौरस आहार झालाय. विकायची इच्छा नाही, गाडी पळायला झकास आहे. कुणी खरंच हा वास घालवला असेल तर सांगा.

---

सोयाबीन | १६ मार्च, रात्री ९:५५

मालकाला फोन लावून विचारा कोणता ब्रँड ओढत होता. तुम्ही पण तोच सुरू करा, वास यायचा बंद होईल.

---

कडकलक्ष्मी | १६ मार्च, रात्री १०:१०

सोयाबीन, माणूस दम्याच्या आईबद्दल बोलतोय. जरा दमानं.

कोरडवाहू भाऊ, पहिलं काम म्हणजे कापूर काढा. बंद गाडीत उन्हानं त्याची वाफ होते, दमेकऱ्याला ती सिगरेटपेक्षा बरी असं काही नाही. आणि स्प्रेचे डबे, सॅनिटायझरच्या बाटल्या आपल्याकडच्या उन्हात गाडीत ठेवूच नका. बाहेर ४२ असलं की बंद गाडीत सहज ६० च्या वर जातं.

---

पाना_पक्कड | १७ मार्च, सकाळी ७:०५

भाऊ, आधी एक सांगा. सीटवर रेग्झिनचं कव्हर हाय का? असंल तर ते काढल्याबिगर बाकी काय बी करू नका.

माझं लातूरला गॅरेज आहे. पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्याकडं लई येतात. विकायच्या आधी लोक पंधराशे-दोन हजाराचं नवं कव्हर चढवतात, गाडी चकाचक दिसते. पण कंपनीचं कापड खाली तसंच. पाच-सहा वर्षाचा धूर त्या कापडात अन् फोमात बसलेला. वरून रेग्झिनचं झाकण. थंडीत गप पडून राहतो, उन्हात फोम तापला की शिलाईतून वर यायला लागतो. तुम्ही वरून पुसायलाव, वास खालून यायलाय.

कव्हर काढा अन् फोटो टाका.

---

कोरडवाहू | १७ मार्च, दुपारी १:३०

मामा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. कव्हर नवं कोरं. काढलं तर खाली ड्रायव्हर सीटच्या कापडाला जळाल्याची तीन भोकं. सीटच्या रुळात दोन थोटकं, हँडब्रेकजवळच्या फटीत राख. स्टेपनीच्या खड्ड्यात रिकामं पाकीट. व्हॅक्यूमवाल्यानं नेमकं काय व्हॅक्यूम केलं होतं देव जाणे.

ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छताचं कापड पांढऱ्या फडक्यानं हलकं पुसून बघितलं. फडक्यावर चहासारखा डाग. मागच्या सीटच्या वर पुसलं तर डाग जवळजवळ नाही.

---

बेंझीन | १७ मार्च, रात्री ८:२०

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या फडक्यावर आलेला चहा म्हणजे टार. आपण ज्याला वास म्हणतो तो हवेत तरंगणारा धूर आता उरलेलाच नाही, तो केव्हाच गेला. उरलाय तो प्रत्येक पृष्ठभागावर बसलेला चिकट थर. त्यात टार आहे, निकोटीन आहे, पिरिडीन वर्गातली उग्र वासाची संयुगं आहेत. थर तापला की यातला थोडा भाग वाफ होऊन हवेत येतो, गार झाला की परत बसतो. डिसेंबरात सकाळी आठला गाडी बघितलीत, तिथंच फसलात. परफ्यूमनं थराला काहीच होत नाही.

आता मजेचा भाग. तंबाखूला चुना का लावतात? चुना अल्कली आहे. त्यानं निकोटीन मोकळं होतं आणि तोंडातून लवकर शोषलं जातं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. निकोटीन आणि पिरिडीन दोन्ही अल्कधर्मी, म्हणून सौम्य आम्ल लावलं की त्यांचं क्षार बनतं. क्षाराची वाफ होत नाही, तो पाण्यात विरघळतो आणि फडक्यावर निघून येतो. चायनीजच्या गाड्यावर असतो तो पांढरा व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतो. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी. आधी साबणाच्या पाण्यानं टारचा चिकटपणा काढा, मग व्हिनेगर, मग साधं पाणी.

खायचा सोडा लोक सुचवतील. तो सीटवर पसरून रात्रभर ठेवून ओढून घेतला तर थोडा उपयोग होतो, विशेषतः घामाच्या, आंबलेल्या वासाला. पण व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका. फेस छान येतो, बघायला मजा वाटते, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात राहतं मीठपाणी. ब्लीच तर व्हिनेगरच्या जवळपासही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

---

खडीसाखर | १७ मार्च, रात्री ८:५०

सर, आमच्या ह्यांनी खायचा सोडा म्हणून धुण्याचा सोडा टाकला होता सीटवर. वास गेला नाही, सीटचा रंग गेला.

---

कडकलक्ष्मी | १७ मार्च, रात्री ९:१५

मी मागच्या वर्षी भावाची गाडी अशीच साफ केली, जालन्यात. शिकलेली गोष्ट एकच, बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं बोअर म्हणजे अर्धं खडूचं पाणी. सीट वाळल्यावर पांढरे नकाशे उमटतात, मग ते काढायला परत पाणी. वीस लिटरचा एक जार आणा, पूर्ण गाडीला पुरून उरतो. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, बादल्या ओतायच्या नाहीत. टँकरच्या दिवसात ते परवडणार पण नाही. (२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या मावशीकडं गाडी पुसणं ही चैन होती.)

आणि सीट बेल्ट! सगळे विसरतात. पट्टा पूर्ण ओढून घ्या, परत आत जाऊ नये म्हणून वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. बादलीत कोमट पाणी, शॅम्पूचे थोडे थेंब, त्यात पट्टा बुडवून हातानं पिळा. भावाच्या गाडीच्या ड्रायव्हर बेल्टचं पाणी काळं झालं होतं, चार वेळा बदललं. पूर्ण वाळल्याशिवाय चिमटा काढायचा नाही, नाहीतर आत कुबट होतो. विचार करा, हा पट्टा तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर असतो.

---

पाना_पक्कड | १८ मार्च, सकाळी ६:५०

ताई बरोबर बोलल्या. बेल्ट मी पण गिऱ्हाइकाला सांगायचं विसरतो.

आता वरच्या लायनिंगचं. भाऊ, तिथं लई जपून. ते कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतंय. पाणी जास्त झालं, ब्रश घासला, की गोंद सुटतो अन् महिन्याभरात कापड डोक्यावर लोंबायला लागतं. मग नवं लायनिंग घाला. फडकं पिळून, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. एका दिवसात पूर्ण करू नका. आज ड्रायव्हरकडचं, उद्या शेजारचं. सनवायझर खाली करून त्याच्या मागं पण पुसा, तिथं सगळ्यात जास्त असतं.

अन् एसी. ओढणारा माणूस उन्हाळ्यात काचा बंद करून, आतलीच हवा फिरवायचं बटन दाबून बसतो. तो धूर दर फेरीला ब्लोअरमधून जातो, कूलिंग कॉइलवरून जातो. कॉइल चालू असताना ओलीच असते, त्यामुळं सगळं तिथं चिकटतं. म्हणून कितीही पुसा, एसी चालू केला की पहिली दहा सेकंद भपका येणार. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. बॉक्स दोन्ही बाजूनं दाबून खाली घेतला की दिसतो. बऱ्याच जुन्या बेस मॉडेलला कंपनीकडून फिल्टरच नसतो, नुसती जागा असते. नवा घ्यायचा तर कोळशाची पूड असलेला घ्या, थोडा महाग पडतो पण वासाला तोच.

कॉइलला फोम मारायचं काम घरी करू नका. खाली पाणी टपकतं तो ड्रेन पाइप आधी मोकळा पाहिजे. नसंल तर फोम अन् घाण शेजारच्या पायाखालच्या मॅटिंगमधी उतरती, अन् सिगरेटच्या जागी कुजका वास.

---

वाचनमात्र | १८ मार्च, सकाळी १०:२०

पाच वर्षं नुसता वाचतोय, आज लिहायलो. ओझोन करून टाका ना. छत्रपती संभाजीनगरला अर्ध्या तासात करून देतात. एवढा कुटाणा कशाला?

---

गंजगोलाई | १८ मार्च, सकाळी ११:००

मी केलाय. सेंटरचं नाव नको. गाडी साफ न करताच मशीन आत ठेवलं, पंचवीस मिनिटांनी काढलं, "झालं साहेब, बसा" म्हणाला. बसलो. घशात खवखव, डोळ्यातून पाणी, पुढच्या चौकात काचा खाली केल्या. तीन-चार दिवस वास नव्हता. दहाव्या दिवशी, बाहेर ४० असताना, परत आला. बाराशे रुपये गेले.

---

बेंझीन | १८ मार्च, दुपारी २:१०

गंजगोलाई यांच्या अनुभवात दोन्ही चुका आहेत.

ओझोन वासाच्या रेणूंवर तुटून पडतो, हे खरं. पण तो थराच्या वरच्या कातडीपर्यंत पोचतो. खाली जाड थर असेल तर आठवड्यात खालचा माल वर येतो. म्हणून ओझोन शेवटी, सगळं पुसून झाल्यावर. दुसरं म्हणजे ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देणारा वायू आहे. मशीन चालू असताना आत माणूस, कुत्रं, मांजर, कुणी नको. नंतर चारही दारं उघडी टाकून गाडी निदान दोन तास हवेशीर ठेवायची. वारंवार केला तर रबराला चिरा पडतात.

कोरडवाहू, तुमच्या आईला दमा आहे म्हणून मी ओझोन टाळायलाच सांगेन. निकोटीनचा थर शिल्लक असताना ओझोन मारला तर दोघांच्या क्रियेतून त्रासदायक संयुगं बनू शकतात. आधी थर काढा. कदाचित ओझोनची गरजच पडणार नाही.

आणि हा नुसता नाकाचा प्रश्न नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया करून कर्करोगकारक नायट्रोसमाइन बनवतं. धूम्रपान करणाऱ्याच्या वाहनात आतल्या पृष्ठभागांवर त्यांना ती संयुगं सापडली. लहान मुलं डॅशबोर्डला हात लावतात, तोच तोंडात घालतात. तेव्हा पुसायचा कंटाळा करू नका.

---

वाचनमात्र | १८ मार्च, दुपारी २:३०

परत वाचनमात्र होतो.

---

सोयाबीन | १८ मार्च, दुपारी ३:००

सर, टॅक्सीत ओढायला बंदी आहे म्हणे, मग स्वतःच्या गाडीत?

---

कडकलक्ष्मी | १८ मार्च, दुपारी ३:२५

२००३ चा कायदा सार्वजनिक जागांचा आहे, सार्वजनिक वाहन त्यात आलं. दंड दोनशे रुपयांपर्यंत. स्वतःच्या गाडीत माणूस मोकळा. विकताना मात्र सांगायची लाज वाटते, म्हणून नवं कव्हर.

---

कोरडवाहू | २९ मार्च, रात्री १०:०५

उशीर झाला, पण हिशोब देतो.

दोन रविवार आणि मधल्या चार संध्याकाळी गेल्या. पहिल्या रविवारी मेव्हण्याला बोलावलं, ज्यानं चासी बघितली होती त्याच्याकडूनच सीट खोलून घेतल्या. चार बोल्ट, पण ड्रायव्हर सीटखाली वायरीचा सॉकेट असतो. आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं. मॅटिंग बाहेर काढून गच्चीवर टाकलं. जारचं पाणी, शॅम्पू, मऊ ब्रश. उन्हाचा इतका उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला, मॅटिंग एका दुपारीत खडखडीत वाळलं. पुण्यात पावसाळ्यात हे केलं असतं तर बुरशी आली असती.

काचांनी चकित केलं. मला स्वच्छ दिसत होत्या. व्हिनेगरचं फडकं फिरवलं तर पिवळं. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटचा जो भुरका पडायचा, तो गेला. मी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायच्या बेतात होतो.

बेल्टचं पाणी कडकलक्ष्मी ताई म्हणाल्या तसंच निघालं. माझं पाच वेळा बदललं.

छताला तीन संध्याकाळ लागल्या. ड्रायव्हरवरचा भाग अजून बाकीच्यापेक्षा मळकट आहे, त्याला मी हात जोडले.

सीट नुसत्या पुसून भागलं नाही. दुसऱ्या रविवारी लातूरला मामांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी शेजारच्या पोराकडून पाणी मारून लगेच ओढून घेणारं मशीन लावलं. तिसऱ्या फेरीला पाणी जरा निवळलं. फिल्टर काढला तर त्यात पालापाचोळा, एक वाळलेला किडा आणि राखेचा रंग. नवा कोळशाचा टाकला, कॉइलला फोम मारला.

एकूण खर्च: फिल्टर ४५०, कॉइल ८००, सीट १२००, व्हिनेगर-शॅम्पू-फडकी दोनशेच्या आत. मामांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

---

पाना_पक्कड | ३० मार्च, सकाळी ७:१५

चहा तुम्हीच पाजला होता भाऊ.

आता एक करा. काचा बंद करून दुपारी बारा ते तीन उन्हात ठेवा. अन् दार स्वतः उघडू नका. तुमचं नाक आता सरावलेलं हाय. घरातलं दुसरं कोणी पाठवा, ज्याला काय माहीत नाही.

---

गंजगोलाई | ३० मार्च, सकाळी ९:४०

हीच परीक्षा गाडी विकत घेताना घ्यायला हवी होती. मी आता कुणासोबत गाडी बघायला गेलो की दुपारी जातो. काचा वर करून दहा मिनिटं बसतो, मग हीटर पूर्ण गरमवर टाकतो. हीटरनं लपलेलं सगळं बाहेर येतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून नाकाला लावतो. विकणारा वेड्यासारखा बघतो, बघू दे. आणि आत डोकं दुखेल इतका परफ्यूम असला की समजायचं, काहीतरी झाकलंय.

---

खडीसाखर | ३० मार्च, सकाळी १०:१५

इस्त्रीवाल्याकडचा बाभळीचा कोळसा सीटखाली ठेवला तर चालतो का? आमची सासू फ्रीजमध्ये ठेवते.

---

बेंझीन | ३० मार्च, दुपारी १२:३०

थोडा चालतो. बाजारात मिळणाऱ्या सक्रिय कोळशाला वाफेनं किंवा रसायनानं असंख्य बारीक छिद्रं पाडलेली असतात, म्हणून तो कितीतरी जास्त शोषतो. बाभळीच्या कोळशाची छिद्रं कमी, पण फुकट आहे. कापडी पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्याला सीट काळी. आपल्याकडं पहिला खड्डा लांब नसतो. आणि तो उरलासुरला वास शोषेल, थर काढणार नाही.

---

कोरडवाहू | ११ एप्रिल, रात्री ९:२०

परीक्षा झाली. सलग तीन दुपारी गाडी उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना म्हटलं, जरा गाडीतून माझी पिशवी आणता का. आल्या, म्हणाल्या, "गाडीत लोणचं सांडलं होतं का रे?"

म्हणजे व्हिनेगर जरा जास्त झालं. सिगरेटचं नाव काढलं नाही.

काल आईला लातूरला नेलं. बर्दापूर गेलं, रेणापूर फाटा गेला. काचा बंद, एसी चालू. एसीला सुरुवातीला किंचित भपका अजून येतो, मी पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवतो. परतीला आई मागच्या सीटवर झोपली होती. ड्रायव्हर सीटच्या बेल्टला अजून जवळ नाक नेलं तर कळतं. मे महिन्यात ४३-४४ झालं की खरं काय ते कळवतो.

ओझोन केला नाही.

---

सोयाबीन | ११ एप्रिल, रात्री ९:५०

अभिनंदन दादा, सुरुवातीच्या चेष्टेबद्दल माफी.

आता माझं. बोलेरो घेतलीय, परभणीचीच. ओढणारा नव्हता, खाणारा होता. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पॅनेलवर आणि खालच्या फटीत गुटख्याचे लाल ओघळ. २०१२ पासून बंदी असलेली वस्तू एवढी आली कुठून माहीत नाही. व्हिनेगर चालंल का?

---

कडकलक्ष्मी | ११ एप्रिल, रात्री १०:००

वेगळा धागा काढा.

---

पाना_पक्कड | १२ एप्रिल, सकाळी ६:४०

अन् फोटो टाका. जेवायच्या टायमाला नको.